सोयाबीन-भुईमुगाचं ‘किरणांचं बियाणं’ म्हणजे नेमकं काय?



मे महिन्याच्या सभेत अंतर्गत कर्जाच्या मागण्या येतात, त्यांत बी-बियाण्यासाठीच्या मागण्या किती असतात हे तुमच्या गटाची नोंदवही उघडून एकदा बघाच. दुसरबीड आणि आसपासच्या गावांत खरीप म्हणजे सोयाबीन, तूर आणि पऱ्हाटी. त्यातही सोयाबीनवर सगळ्यांची भिस्त. ज्यांच्याकडे विहिरीचं किंवा खडकपूर्णेचं पाणी पोचतं, त्या उन्हाळ्यात भुईमूगही घेतात. म्हणजे तेलबियांचं बियाणं हा आपल्या बचतीच्या पैशाचा मोठा रस्ता आहे. आणि नेमक्या याच रस्त्यावर कुणीतरी सांगतं, “हे नवीन आहे, अणुशक्तीवाल्यांचं आहे, किरणं मारलेलं आहे, दुप्पट होतं.” त्यावर दुसरी म्हणते, “किरणांचं? मायबाई, त्याचं तेल लेकराबाळांना खायला घालायचं?”

दोघींचंही अर्धवट आहे. म्हणून या अंकाच्या अभ्यासाला हाच विषय घेतला आहे. सभेत वाचताना एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठकांत वाचा.

आधी नावातला पत्ता वाचू

भुईमुगाचा टीएजी-२४ हा वाण बऱ्याच जणींना माहीत असेल. यातला ‘टी’ म्हणजे ट्रॉम्बे, ‘ए’ म्हणजे अकोला आणि ‘जी’ म्हणजे इंग्रजीतला भुईमूग. मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे आणि अकोल्याला आपलं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. दोघांनी मिळून हा वाण १९९१-९२ च्या सुमाराला शेतकऱ्यांना दिला. तसाच टीएलजी-४५, त्यातला ‘एल’ लातूरचा. सोयाबीनचे टीएएमएस-३८ आणि टीएएमएस ९८-२१ हे ट्रॉम्बे आणि अमरावतीचे, म्हणजे अकोला विद्यापीठाच्या अमरावतीच्या संशोधन केंद्राचे. पहिला २००५ मध्ये आला, दुसरा २००७ मध्ये. सूर्यफुलाचा टीएएस-८२ पुन्हा अकोल्याचा, काळ्या टरफलाचा.

म्हणजे ही काही परदेशातून आलेली गोष्ट नाही. मुंबईत किरणांचं काम झालं आणि आपल्या वऱ्हाडाच्या काळ्या मातीत त्याची पारख झाली. भाभा केंद्राने अशा वेगवेगळ्या पिकांचे साठहून अधिक वाण दिले आहेत, त्यांत भुईमुगाचेच डझनभरापेक्षा जास्त.

किरणांनी बियाण्याचं काय होतं?

प्रत्येक दाण्याच्या आत त्या झाडाने कसं वाढायचं याचं सांगणं साठवलेलं असतं. किती उंच व्हायचं, कधी फुलायचं, दाणा केवढा करायचा, कोणत्या रोगापुढे टिकायचं. हे सांगणं आईबापाकडून लेकरात जसंच्या तसं उतरतं. पण कधीकधी उतरताना एखादं अक्षर बदलतं. हा बदल निसर्गात आपोआपही होतो, फक्त फार क्वचित. लाल फुलांच्या झाडाला एखादी फांदी पांढऱ्या फुलांची आलेली तुम्ही पाहिली असेल, तो बऱ्याचदा असाच बदल असतो. पुस्तकात याला उत्परिवर्तन म्हणतात, इंग्रजीत म्युटेशन. आपण ‘बदल’च म्हणू.

१९२७-२८ च्या सुमाराला अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की क्ष-किरण सोडले तर हे बदल कितीतरी जास्त प्रमाणात घडतात. मुलर यांनी ते फळमाशीत दाखवलं, स्टॅडलर यांनी सातू आणि मक्यात. पुढे कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण वापरात आले. काम दिसायला साधं. चांगल्या, माहितीतल्या वाणाचे निवडक दाणे घ्यायचे, जाड शिशाच्या आवरणातल्या यंत्रात ठरलेला वेळ ठेवायचे आणि काढून पेरायचे. मात्रा कमी पडली तर काही घडत नाही, जास्त झाली तर दाणा मरतो.

पहिल्या वर्षी बघायला फार काही मिळत नाही. प्रत्येक गुणाच्या सांगण्याच्या झाडात दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. किरणांनी एक प्रत बदलली तरी दुसरी शाबूत असते आणि तीच काम चालवते. सोयाबीन आणि भुईमूग यांचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं. म्हणून दुसऱ्या पिढीत काही लेकरांच्या वाट्याला दोन्ही प्रती बदललेल्या येतात, सरासरी चारात एकाच्या. तेव्हा कुठे लपलेला बदल बाहेर दिसतो. यासाठी पहिल्या वर्षाच्या प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवतात आणि दुसऱ्या वर्षी एका झाडाचं एक तास असं पेरतात. हजारो तासं होतात. मग माणसं तासा-तासाने फिरतात आणि बघतात.

खरं काम इथे आहे, यंत्रात नाही. किरण काही ओळखून मारत नाहीत. त्यांना काय माहीत कुठला बदल आपल्या फायद्याचा! बहुतेक बदल नुकसानीचे निघतात. कुठे पान पिवळं, कुठे झाड खुजं आणि वांझ, कुठे शेंग पोकळ. हजारो झाडांत एखादं-दुसरं कामाचं सापडतं. ते वेगळं काढायचं, पुढच्या वर्षी पेरायचं, गुण टिकतो का बघायचं, मग जुन्या चांगल्या वाणाशेजारी लावून तोलायचं, मग वेगवेगळ्या गावच्या मातीत. वाण शेतकऱ्याच्या हातात यायला आठ-दहा वर्षं सहज जातात.

तेल खायचं की नाही, याचं उत्तर इथेच मिळतं. एक तर गॅमा किरण दाण्यातून आरपार जातात, आत साठून राहत नाहीत. दवाखान्यात हाताचा एक्स-रे काढल्यावर हात काही किरणं सोडत बसत नाही, तसंच हे. आणि दुसरं म्हणजे, किरण लागले ते कित्येक पिढ्यांपूर्वीच्या मूठभर दाण्यांना. तुम्ही पेरता ते त्यांच्या लेकरांच्या लेकरांच्या लेकरांचं बी. त्याला किरणांचा स्पर्शही झालेला नसतो. म्हणून दुकानदार “किरणं मारलेली बॅग आहे” म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर त्याला विषय कळलेला नाही किंवा तुम्हाला कळत नाही असं त्याला वाटतं.

यात दोन घोळ नेहमी होतात. लासलगावला कांद्यावर किरण सोडतात ते कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून. तिथे कांदा थेट बाजारात जातो, त्याचा नवीन वाण करायचा नसतो. आणि बीटी कपाशीत बाहेरच्या जिवाणूचा गुण आणून घातलेला असतो. किरणांच्या वाणात बाहेरून काही घातलेलं नसतं, झाडाच्या स्वतःच्या सांगण्यातच फेरफार झालेला असतो. यातलं चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं हा वाद वेगळा, पण एकाची गोष्ट दुसऱ्याला चिकटवू नका.

उतारा वाढला तो कशाने?

ही मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट आहे, म्हणून थोडी सावकाश सांगते.

ट्रॉम्बेचा पहिला भुईमूग टीजी-१. ‘स्पॅनिश इम्प्रूव्ह्ड’ नावाच्या लहान दाण्याच्या वाणावर क्ष-किरण सोडून, त्यातून ठळक दाण्याची झाडं निवडून तो तयार झाला. डॉ. एस. एच. पाटील यांचं हे काम. १९७३ मध्ये ‘विक्रम’ या नावाने तो महाराष्ट्र आणि गुजरातसाठी आला. दाणा टपोरा, बघून जीव सुखावेल असा, पण तयार व्हायला बरेच दिवस घ्यायचा. नुसता दाणा मोठा झाला म्हणून एकरी उतारा वाढतोच असं नाही, हे तिथे लक्षात आलं.

एकरी उतारा म्हणजे काय, बघा. एकरात झाडं किती, एका झाडाला शेंगा किती, एका शेंगेत दाणे किती आणि एका दाण्याचं वजन किती, या चौघांचा गुणाकार. यातलं एक वाढवलं की बऱ्याचदा दुसरं कमी होतं, कारण झाडाची कमाई ठरलेली असते. उन्हातून आणि मातीतून जे कमावलं ते पाला, खोड, मुळं, शेंगा यांत वाटायचं असतं. आपल्या घरखर्चासारखंच. कमाई तेवढीच असेल तर एक खर्च कमी केल्याशिवाय दुसरीकडे पैसा जात नाही.

जुन्या वाणांचं झाड पाल्यावर आणि फांद्यांवर फार खर्च करायचं. फुलं शेवटपर्यंत यायची, आऱ्या शेवटपर्यंत सुटायच्या, पण उशिराच्या आऱ्यांची शेंग काढणीपर्यंत भरायचीच नाही. उपटलं की निम्म्या शेंगा पोचट. मग ट्रॉम्बेत वेगवेगळ्या बदललेल्या झाडांचा आपसांत संकर केला. कुणाचा ठळक दाणा, कुणाचं बुटकं झाड, कुणाच्या फांद्या कमी, कुणाचं लवकर पिकणं. अशा कित्येक घरच्या गुणांची सोयरीक जुळवून टीएजी-२४ उभा राहिला. झाड बुटकं, उपटं, पाला बेताचा. फुलं थोड्या दिवसांत आणि एकदम येतात, त्यामुळे शेंगाही बरोबरीने भरतात. कमाईचा मोठा हिस्सा शेंगेत जातो. उन्हाळी भुईमुगात हा वाण विदर्भात एवढा पसरला त्याचं कारण हे, किरणांची जादू नाही.

त्याची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. पाला कमी म्हणजे शेळ्यांना, म्हशीला चारा कमी. ज्या घरात भुईमुगाच्या पाल्यावर दोन शेळ्या उन्हाळा काढतात, त्या घराने हा हिशोब आधी करावा. झाड लहान असल्यामुळे विरळ पेरलं तर जमीन उघडी राहते आणि वाणाचा फायदा हातचा जातो. दोन तासांत साधारण ३० सेंटिमीटर आणि दोन झाडांत १० सेंटिमीटर हे अंतर सांभाळावं लागतं, म्हणजे एकरी ४० किलोच्या आसपास दाणे लागतात. आणि या वाणाच्या ताज्या दाण्याला सुप्तावस्था नाही. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला आणि शेंगा ओल्या जमिनीत राहिल्या, तर जागच्या जागी कोंब फुटतात. त्याच घराण्यातल्या टीजी-२६ चा दाणा काढणीनंतर वीसेक दिवस कोंब धरत नाही. २००४ चा टीपीजी-४१ ही तसाच थांबतो, वर दाणाही ठळक, शंभर दाण्यांचं वजन ६५ ग्रॅमच्या आसपास. खारे शेंगदाणे, चिक्की असा गटाचा उद्योग असेल तर ठळक दाण्याला भाव चांगला मिळतो. घरच्या तेलासाठी आणि कुटासाठी दाणा केवढा याने फार फरक पडत नाही. (रानडुकरांना मात्र सगळेच वाण सारखे आवडतात, त्यावर अजून किरण निघालेला नाही.)

सोयाबीनमध्ये गोष्ट थोडी वेगळी. टीएएमएस-३८ हा जेएस ८०-२१ या वाणावर गॅमा किरण सोडून निवडलेला. तो लवकर येतो आणि पानांवरच्या काही रोगांपुढे टिकतो. टीएएमएस ९८-२१ मध्ये रोगांपुढे टिकण्याची ताकद आणखी धरली. लवकर येणं ही नुसती सोय नाही. आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस ताणतो आणि नेमका तेव्हाच दाणा भरायचा असतो. दहा दिवस आधी भरला तर तो दाणा, नाहीतर फोलपट. आता हे दोन्ही वाण जुने झाले, त्यांच्यानंतर अमरावती-अकोल्याचे नवे वाण आले आहेत. म्हणून या नावांच्या मागे धावा असं मी म्हणत नाही. बुलढाण्याच्या कृषि विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाला विचारा की हलक्या आणि भारी जमिनीसाठी यंदाची शिफारस कोणती. प्रश्न मात्र नेमके विचारा. किती दिवसांत येतो, फूल कोणत्या रंगाचं, शेंगेवर लव आहे का, शेंग तडकते का. ही उत्तरं पुढे लागणार आहेत.

जवसाबद्दल एवढंच. भाभा केंद्राचा टीएल-९९ हा जवसाचा वाण खायच्या तेलासाठी केला आहे. साध्या जवसाचं तेल लवकर खवट होतं, कारण त्यात ओमेगा-३ हा घटक भरपूर असतो. या वाणात तो अगदी कमी केला, म्हणून तेल टिकतं. पण आपण जवसाची चटणी खातो ती त्याच घटकासाठी चांगली म्हणतात. तेव्हा चटणीला आपलं जुनंच जवस बरं.

बॅग दरवर्षी घ्यायची का?

सोयाबीन आणि भुईमूग दोन्ही स्वतःच्याच परागाने फळणारे, म्हणून एकदा आणलेलं शुद्ध बियाणं दोन-तीन वर्षं घरचं धरून वापरता येतं, वाण बिघडत नाही. (सूर्यफुलाचं तसं नाही. तिथे मधमाशी चार वावरांचा पराग एकत्र करते.) कायदाही आपल्या बाजूला आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या वावरातलं बियाणं राखायचा, पेरायचा, एकमेकांत द्यायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. फक्त वाणाचं नाव छापलेली, बांधलेली पिशवी करून ब्रँड म्हणून विकता येत नाही. गटातल्या गटात देवघेव करायला काही अडचण नाही.

पण घरचं बियाणं म्हणजे अडत्याला घालायच्या ढिगातून उचललेलं पोतं नव्हे. पेरतानाच अर्धा-एक एकर वेगळा धरा. फुलाच्या वेळी एकदा आणि शेंगा पिकायच्या आधी एकदा त्यातून फिरा. संशोधन केंद्रातली माणसं तासा-तासाने जे बघतात तेच तुम्ही बघायचं, फक्त उलट्या हेतूने. ती वेगळं झाड जपतात, आपण वेगळं झाड उपटून टाकायचं. जेएस ९३-०५ पेरला असेल तर पान लांबट आणि बऱ्याच शेंगांत चार दाणे दिसले पाहिजेत. मध्येच रुंद पानाचं झाड दिसलं तर ते भेसळीचं. हे काम निंदायला जाणाऱ्या बाईइतकं कुणालाच जमत नाही, कारण झाडाजवळ वाकून तीच जाते.

सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार पातळ असतं. मळणीच्या वेळी यंत्र जोरात फिरलं की दाणा वरून चांगला दिसतो आणि आतून मेलेला असतो. बियाण्याच्या मळणीला ड्रमच्या फेऱ्या मिनिटाला ३५० ते ४०० च्या आत ठेवायला मळणीवाल्याला सांगा. तो कुरकुरेल, वेळ जास्त लागतो म्हणून. सांगा तरीही. मग दाणा दातात कट्कन तुटेपर्यंत वाळवा, ज्यूटच्या पोत्यात भरा, चार-पाच पोत्यांच्या वर थप्पी नको आणि पोतं आपटणं नको. भुईमूग शेंगेतच ठेवा, पेरणीच्या तोंडावरच फोडा. उन्हाळी भुईमुगाचं बी लवकर दमतं, त्याची उगवण तपासल्याशिवाय भरवसा ठेवू नका.

उगवण तपासायची ती अशी. पोत्याच्या वरून, मधून, खालून दाणे काढा, निवडू नका. शंभर मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट ठेवा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहाव्या दिवशी उघडा आणि फक्त धडधाकट कोंब मोजा, वाकडे आणि कुजके नाही. सत्तर उगवले तर सोयाबीन एकरी ३० किलो पुरतं. साठच उगवले तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागा, ३५ किलो लागेल. साठच्या खाली असेल तर मी तरी ते पेरणार नाही.

नवीन वाण घ्यायचाच असेल तर गटातल्या तिघींनी मिळून थोडंच बियाणं आणावं आणि आपल्या जुन्या वाणाच्या शेजारी, त्याच वावरात, त्याच दिवशी, तेवढ्याच खताने पेरावं. गेल्या वर्षीच्या उताऱ्याशी या वर्षीचा तोलून काही कळत नाही, पाऊसच वेगळा असतो. काढणीच्या वेळी दोन्हींचा एक-एक गुंठा वेगळा कापा, वेगळा मळा, वाळवून तोला आणि चाळीसने गुणा. समजा गुंठ्याला २० किलो आले तर एकरी आठ क्विंटल होतात. बांधाजवळचा गुंठा घेऊ नका, मधला घ्या.

उगवणीचा आकडा मे महिन्याच्या सभेत आणि गुंठ्याचं वजन दिवाळीनंतरच्या सभेत नोंदवहीत चढवायचं आहे. सोबत वाणाचं नाव, पेरणीची तारीख आणि जमीन हलकी की भारी हे लिहा. बॅगेवरची खूणचिठ्ठी आणि दुकानाची पावती त्याच पानाला टाचून ठेवा. उगवण झाली नाही तर तक्रार करताना कृषी अधिकारी आधी तीच मागतात.